उघडा ठेवलेला चरण

आमच्या घरात यमकाला यमक म्हणत नसत, जोड म्हणत. मोठीमाय विहिरीवर दोर ओढता ओढता एक ओळ टाकायची आणि गोठ्यात शेण काढणारी रंजी तिथूनच दुसरी ओळ तिला जोडून द्यायची. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, आणि रंजी तिची एकुलती एक मुलगी, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मोठेबा मी पाळण्यात असतानाच गेले होते, त्यामुळे आम्ही सगळे एकाच चुलीवर जेवत होतो. एकदा माझे वडील शेजाऱ्यासोबत बैलबाजाराला गेले आणि त्याला तिथेच विसरून एकटे घरी आले. दुसऱ्या दिवशी मोठीमायने विहिरीवरून ओळ टाकली, "भाऊजी गेले बाजाराले," आणि गोठ्यातून लगेच आलं, "इसरून आले शेजाऱ्याले." वडील अंगणात दात घासत होते. ते तसेच तोंडात राखुंडी घेऊन घरात गेले आणि चहा होईस्तोवर बाहेर आले नाहीत. घरात लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, वाळवलेल्या झिंग्यांची चटणी आणि जोडी, एवढ्यावर आमचं पोषण झालं असं मी गमतीने सांगते, पण ते खोटं नाही.

जोडीचा खरा उपयोग मात्र रोवण्यात होता. धानाची रोवणी करताना बायका बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, ओळीनं वाकून उभ्या राहतात आणि पऱ्हे, धानाची कोवळी रोपं, चिखलात खोवत मागे मागे सरकतात. एक पात, म्हणजे एका फेरीचा पट्टा, संपली की दुसरी कुठल्या बाजूनं धरायची यावरून भांडणं होत, कारण कुठे गुडघ्याएवढा चिखल असायचा आणि कुठे पाण्यात जळवा. हे भांडण आमच्याकडे जोडीनं मिटवत. कुणीतरी ओळ टाकायची, आणि जी पहिली जोड देईल तिच्या बाजूनं पुढची पात धरायची. जिची जोड तिची पात. दुसरीला ते पटलं नाही तर तिनं त्याच यमकात आणखी एक ओळ बसवायची, तिला जोडीवर जोड म्हणत, मग पात तिच्याकडे फिरे. एकदा वापरलेला शब्द पुन्हा चालत नसे. ओळ कुणी टाकली, कशी टाकली, याला फार नियम नव्हते. नियम एकच होता आणि तो लहानपणी आम्हाला चूल-विस्तवाच्या धाकासारखाच शिकवला जाई. जंगलाला लागून असलेल्या बांधीत ओळ उघडी टाकायची नाही. तिथे टाकणारीनंच दोन्ही ओळी म्हणायच्या आणि स्वतःच बंद करायच्या. का, असं मी एकदा मोठीमायला विचारलं. ती म्हणाली, "घराचं दार उघडं टाकून झोपते का वो कोनी?" एवढंच.

जंगलातही जोडीचा आधार असे. तेंदूपत्ता तोडायला बायका पहाटेच जात, झुडपांमध्ये एकमेकींना दिसत नसत, म्हणून जरा जरा वेळानं एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी आपापल्या जागेवरून जोड द्यायची. सगळ्या जोडी आल्या की सगळ्या आहेत असं समजायचं. मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात मला गालफुगी झाली होती म्हणून मी घरीच होते. रंजी मोठीमायसोबत गेली. उन्हं वर आल्यावर मोठीमायने ओळ टाकली. चार जोडी आल्या, पाचवी आली नाही. तिनं पुन्हा टाकली, मग पुन्हा, मग नुसतं नाव घेऊन हाका मारल्या. दुपारपर्यंत गावातली पंचवीसेक माणसं कुऱ्हाडी आणि वाजवायला डबे घेऊन जंगलात शिरली. त्यांना रंजीचा पत्त्याचा गठ्ठा सापडला. नीट एकावर एक रचलेला, दोरीनं बांधलेला, गाठ तिचीच, कारण ती नेहमी दोन वेढे जास्त द्यायची. शेजारी तिच्या चपला होत्या. रक्त नव्हतं, फाटकं लुगडं नव्हतं, ओढून नेल्याची खूण नव्हती. वाघानं नेलं असं वनरक्षकानं कागदावर लिहिलं, कारण कागदावर काहीतरी लिहावंच लागतं.

भावकीनं गवताचा पुतळा करून क्रिया उरकायचं ठरवलं तेव्हा मोठीमाय म्हणाली, "जे गेलंच नाई त्याचं कायचं करता?" आणि ती त्या माणसांसमोर सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी रिकाम्या पाटासमोर एक ताट जास्त वाढायची. सगळ्यांची जेवणं झाली की ते ताट स्वतः उचलायची आणि त्यातलं अन्न सकाळी गाईला घालायची. आई तिला काही म्हणत नसे. मी मात्र त्या ताटाकडे पाठ करून बसायची. भीती वाटायची असं नाही म्हणणार. मला लाज वाटायची, कारण त्या ताटासमोर बसून मला भूक लागायची. आणि मोठीमायने ओळ टाकणं बंद केलं. विहिरीवर नुसता रहाटाचा आवाज येऊ लागला. घरातल्या शांततेची सवय होते असं म्हणतात. आम्हाला झाली नाही.

त्याच पावसाळ्यात मी ब्रह्मपुरीला अकरावीत शिकायला गेले. सोमवारी जीपमध्ये कोंबून जायचं, मामांकडे राहायचं आणि शनिवारी परत. तिथे सहारे सर मराठी शिकवत. सर काटकुळे, आवाज मात्र असा की बाजूच्या वर्गातलं गणित थांबायचं. त्यांनी फळ्यावर पहिल्यांदा यमकाचे आराखडे काढले तेव्हा मी चक्रावून गेले. जी गोष्ट मी गोठ्याच्या वासात शिकले होते तिला इथे खडूच्या रेघा होत्या. अभंगात दुसरा आणि तिसरा चरण जुळतो, पहिला आणि चौथा आपापले एकटे. लहान अभंगात दोनच चरण आणि दोघांचा शेवट एक. गझलेत पहिल्या दोन्ही ओळी जुळतात आणि नंतर एक आड एक, म्हणजे मधली ओळ नुसती ताटकळत राहते आणि ऐकणाऱ्यालाही ताटकळत ठेवते. आणि ओवी. ओवीचे तीन चरण एका यमकात घट्ट बांधलेले आणि चौथा आखूड, मोकळा. सर म्हणाले, "चौथा चरण मुद्दाम उघडा ठेवतात. पुढची ओवी तिथूनच आत येते." मी हात वर केला. "सर, दुसरं कोनी आत आलं तर?" सगळा वर्ग हसला. सरही हसले आणि म्हणाले की कवितेत कवीच्या परवानगीशिवाय कुणी येत नाही.

पुढे मी स्वतः तेहतीस वर्षं मराठी शिकवलं. ओवीचा पाठ आला की चौथा चरण उघडा ठेवण्याचं ते वाक्य मी कधी मुलांना सांगितलं नाही. आराखडा काढून दिला, उदाहरणं दिली, परीक्षेला दोन गुणांचं येतं ते सांगितलं, आणि फळा पुसला. निवृत्तीच्या समारंभात एका विद्यार्थिनीनं भाषणात सांगितलं की बाई ओवी शिकवताना नेहमी वर्गाचं दार लावून घ्यायच्या. मला ते तोवर माहीतच नव्हतं.

रंजी गेली त्याच्या पुढच्या आषाढात मी रोवण्यासाठी सुट्टी घेऊन गावी आले तेव्हा माझ्या अंगात अकरावीचं शहाणपण ठासून भरलेलं होतं. गाव मला अडाणी वाटायला लागलं होतं. बायका दोन ओळींच्या जोडी देत, तर मी म्हणायची, हे काय, नुसतं टाळ्या वाजवल्यासारखं, खरी कविता वेगळी असते. रोवणाऱ्यांत गोंडांच्या वस्तीवरची, गोंडटोल्यावरची, सोनाबाई होती. तिला मी एकदा चिखलात उभी राहून सांगितलं की तुमच्या गाण्यांना यमक नाही. ती हसली. म्हणाली, "आमचं गानं गोल हाय पोरी. जिथून निंघते तिथीच येते. त्याले तोंड नाई आन शेपूट नाई. मधात शिराले कोनाले जागा कुठी हाय?" मला ते तेव्हा कळलं नाही. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, अशी माझी गत होती.

शेवटची राहिलेली बांधी मोहाची. तिच्या धुऱ्यावर, म्हणजे कडेच्या बांधावर, मोहाचं जुनं झाड होतं आणि धुऱ्यापलीकडे तीन हातांवर जंगल सुरू व्हायचं. त्याच आठवड्यात त्या पट्ट्यात वाघानं एक गोऱ्हा मारला होता, वनरक्षक सकाळीच येऊन धुऱ्याच्या पुढे पाय टाकू नका म्हणून बजावून गेला होता. आम्ही नऊ जणी होतो. मोठीमायही होती, वर्षभरात पहिल्यांदा रोवायला आलेली. दुपारी भाताची शिदोरी आणि वारुळावर उगवणाऱ्या सात्यांची, म्हणजे अळंब्यांची, भाजी खाऊन आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. ढग खाली आले होते पण पाऊस नव्हता, वारा अजिबात नव्हता. बांधीतल्या बेडकांचा सकाळपासून चाललेला गलका जेवणानंतर थांबला होता, आणि ते मला मागाहून आठवलं. तेव्हा माझं लक्ष वेगळ्याच ठिकाणी होतं. पात संपत आली होती आणि सगळ्या जणी गप्प होत्या. मोठीमाय सोबत आहे म्हणून कुणाला ओळ टाकवेना. मला वाटलं, मी आता अशी काही ओवी म्हणते की हिला पुन्हा गावंसं वाटेल. माझा हेतू चांगला होता. सगळ्या मोठ्या चुकांचा असतो तसा.

मी कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हटलं,

"आभाळ टेकलं झाडावरी
चिखल चढला पायावरी
हिरवी जुडी हातावरी
पाहू कुणाची वाट"

आणि थांबले. तीन चरण बांधलेले, चौथा मोकळा, सरांनी शिकवलं होतं तसा. मला फार बरं वाटलं. आईनं मान वर करून माझ्याकडे बघितलं, तिचा चेहरा एकदम उतरला होता. ती म्हणाली, "बेबे, बंद कर." मी म्हटलं, "आई, ओवी अशीच असते. चवथा चरण—"

मोहाच्या झाडामागून, फार लांबून नाही, जोड आली.

"माय वो, मांडून ठेव ताट."

आवाज मोठा नव्हता. कामात असलेली बाई मान वर न करता जोड देते तशी, सहज, थोडी दमलेली. मी आज अडुसष्ट वर्षांची आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही, नवऱ्याला मी देव्हाऱ्यावरून टोमणे मारत आले. तरी हे मी ऐकलं. नंतर विचारलं तेव्हा दोघी म्हणाल्या की त्यांना पाखराचा आवाज आला. एक म्हणाली पलीकडच्या गावचा रोवणा चालू असेल, तिथल्या कुणी बाईनं गंमत केली. पण त्या गावचा रोवणा आठ दिवसांपूर्वीच आटोपला होता. एक काहीच ऐकलं नाही म्हणाली. पण त्या क्षणी सगळ्यांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. जिची जोड तिची पात. हातातली जुडी तशीच घेऊन, विचार न करता, वर्षानुवर्षांच्या सवयीनं चार बायका जंगलाच्या बाजूला वळल्या आणि तिकडची पात धरायला दोन पावलं चालल्या. मग आपण कुठे चाललो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्या पाण्यात जागच्या जागी उभ्या राहिल्या.

मोठीमाय थांबली नाही. तिनं जुडी पाण्यावर सोडून दिली, पदर खोचला आणि गुडघाभर चिखलातून धुऱ्याकडे निघाली. चेहऱ्यावर भीती नव्हती. बाजाराहून पोरगी आली म्हणून दार उघडायला जावं तशी ती जात होती. आईनं "बाई, बाई" करत तिच्या मागे पाय उचलला आणि चिखलात पडली. मी ओरडले, "मोठेमाय, तिकडे वाघ हाय!" तिनं मागे बघितलंही नाही. ती धुऱ्यावर चढली. जंगलात काही हललं नाही, आणि ते न हलणंच मला सहन होईना.

सोनाबाईनं माझा दंड धरला. तिची बोटं आत रुतली. "तिले काऊन आवाज देऊन राह्यली? ते आता आयकत नाई. तू टाकलेली ओय तुही हाय. तूच जोडीवर जोड दे. पात इकडे फिरव."

त्याच यमकात एक ओळ. बस एवढंच. माझ्या वहीत सरांनी लिहून दिलेल्या यमकांची पानंच्या पानं होती, ती सगळी डोक्यातून पुसली गेली. वाट हा शब्द माझा वापरून झाला होता, ताट तिचा. लाट, थाट, दाट असे शब्द नुसते येत होते आणि त्यांना पुढे-मागे काही चिकटत नव्हतं. मोठीमायने एक पाय धुऱ्यापलीकडे टाकला. आणि मला शब्द सापडला. तो मला कसा सापडला ते सांगायला मला आजही आवडत नाही, कारण तो शोधावा लागला नाही. ताटासमोर जे असतं तेच ते होतं. वर्षभर त्या ताटाकडे पाठ करून बसताना माझ्या मनात जे होतं तेच होतं. मी जंगलाकडे तोंड केलं, मोठीमायकडे नाही, आणि घशातून निघेल तेवढ्या मोठ्यानं म्हटलं,

"जेवन सरलं वो बाई, उचलला तुहा पाट!"

मग काहीच झालं नाही. मी वाट बघत होते की पुन्हा जोड येईल, कारण आणखी शब्द शिल्लक होते, आणि रंजी माझ्याहून कितीतरी हुशार होती. जंगलातून काहीही आलं नाही. किती वेळ गेला मला माहीत नाही. पायाला जळू लागल्याचं कळत होतं आणि ती काढायला वाकवत नव्हतं. मग बांधीत कुठेतरी एक बेडूक ओरडला, मग दुसरा, मग सगळा गलका पुन्हा सुरू झाला. मोठीमाय धुऱ्यावर उभी होती. तिनं पलीकडे टाकलेला पाय हळूच मागे घेतला, खाली उतरली, आपली पाण्यावर तरंगणारी जुडी शोधून उचलली आणि आमच्या बाजूनं पात धरली. पात माझी होती ना. नियम तो नियम. आम्ही नऊ जणींनी ती बांधी संपवली. आईच्या हाताला पडताना खरचटलं होतं, तेही तिला घरी गेल्यावर कळलं.

कामानंतर सगळ्या जणी बोडीवर, शेताजवळच्या लहान तळ्यावर, हातपाय धुवायला गेल्या. बाकीच्या पुढे निघाल्या, मोठीमाय मात्र दगडावर बसून राहिली, म्हणून मीही राहिले. दिवस होता अजून, पाण्यावर ढगांचा पांढरा उजेड पडला होता. मला तिच्याशी बोलायचं होतं. मी सांगायचं ठरवलं होतं की चूक माझी होती, ओळ मी उघडी टाकली, पण शेवटी मीच तिला वाचवलं. खरं सांगायचं तर मला थोडी शाबासकीही हवी होती. मी म्हटलं, "मोठेमाय, तो वाघच होता. वाघ मानसाचा आवाज काढते म्हन्ते. तू गेली असती त काय झालं असतं?"

ती पायाच्या बोटांमधला चिखल काडीनं काढत होती. बोलली ती रागानं नाही, मला काहीतरी समजावून सांगावं तशी.

"वाघ असता त थांबला असता का बेबे? वाघाले तुह्या जोडीचं काय घेनं-देनं हाय? त्यानं मले नेलं असतं." तिनं काडी पाण्यात टाकली. "तू पाट उचलला म्हनून सांगतलं आन ते माघारी गेली. मानसाचं लेकरू होतं म्हनून गेली. रंजीच होती."

मला रडू फुटलं. मोठीमायने ओल्या पदरानं माझं तोंड पुसलं, जसं ती लहानपणी आम्हा दोघींचं एकाच पदरानं पुसायची, आणि म्हणाली, "चाल. तुही माय वाट पाहून राह्यली असन."